वस्तीची अन्नव्यवस्था आणि सामाजिक न्याय

अन्नाचा प्रश्न म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम शेत येते आणि त्यानंतर गोदाम. पीक चांगले आले, गोदामे भरली, म्हणजे प्रश्न सुटला असे मानण्याकडे प्रशासनाचा आणि लोकांचाही कल असतो. आपल्या देशाने १९६० च्या दशकातील टंचाई पाहिली, आयात धान्यावर दिवस काढले आणि त्यानंतर स्वतःच्या कोठारावर उभे राहण्याइतकी मजल मारली. महाराष्ट्राने १९७२ चा दुष्काळ सोसला आणि त्यातूनच रोजगार हमी योजनेचा विस्तार झाला. ही कामगिरी लहान नाही. तथापि धान्य कोठारात असणे आणि ते गरिबाच्या ताटात येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या दोहोंमधील अंतर पुष्कळदा शेवटच्या एक-दोन किलोमीटरचेच असते, आणि नेमके तेच कापणे सर्वांत कठीण जाते.

हे शेवटचे अंतर ज्या भागात कापावयाचे असते तो भाग म्हणजे शहरातील झोपडपट्टी, गिरणीच्या किंवा बाजाराच्या आसऱ्याने वाढलेली कामगारवस्ती, गावकुसाबाहेरील वाडी किंवा रोजगारासाठी आलेल्यांचा तळ. अशा वस्तीत अन्न कोठून येते, कोणत्या भावाने येते, ते कोण विकते, कोण शिजवते आणि त्याविषयीचे निर्णय कोण घेते, या सर्वांना मिळून वस्तीची अन्नव्यवस्था म्हणता येईल. प्रस्तुत लेखात या व्यवस्थेचा न्यायाच्या दृष्टीने विचार केला आहे. त्यासाठी लोकांनी आणि स्थानिक संस्थांनी प्रत्यक्ष चालविलेले काही प्रयोग पाहू, आणि त्यांपासून ग्रामपंचायत, शाळा व शासकीय कार्यालये यांनी काय घ्यावे याचा शोध घेऊ.

गरिबाला अन्न महाग का पडते?

स्वस्त अन्न गरिबाला मिळते आणि महाग अन्न श्रीमंत खातो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात एकाच प्रतीच्या मालासाठी गरीब कुटुंब पुष्कळदा अधिक दाम मोजते. एक साधा हिशेब उदाहरणादाखल घेऊ. समजा, गोडे तेल मोठ्या डब्यात घेतल्यास किलोला १५० रुपये पडते. मासिक पगार असलेले कुटुंब डबा घेते. रोजंदारीवरील कुटुंबाच्या हाती तेवढी रक्कम एकदम येत नाही. ते रोज दहा रुपयांचे ५० ग्रॅम तेल घेते. म्हणजे त्याला किलोमागे २०० रुपये पडले. महिन्याला दोन किलो तेल लागत असेल, तर एका जिनसामागे शंभर रुपये जादा गेले. साखर, चहा, डाळ, मिरची, साबण यांचाही हिशेब असाच मांडता येईल. कोणत्याही शिक्षकाने आपल्या शाळेजवळच्या दुकानातील भाव विचारून हा हिशेब विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा. अंकगणिताचा आणि नागरिकशास्त्राचा पाठ एकत्रच होईल.

किरकोळ खरेदी हे याचे पहिले कारण झाले. दुसरे कारण उधारीचे. उधार घेणाऱ्याला भाव विचारण्याची सोय नसते आणि दुकान बदलण्याचीही नसते. तिसरे कारण अंतराचे व वेळेचे. मोठी मंडई दूर असेल तर बसभाड्यात बचत संपते; रास्तभाव दुकान उघडे असते त्या वेळी घरातील माणूस कामावर असतो, आणि धान्यासाठी एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. चौथे कारण इंधनाचे व पाण्याचे. धान्य मिळाले तरी ते शिजविण्याचा खर्च राहतोच. पाचवे कारण साठवणीचे. दहा फूट लांबीच्या खोलीत पाच माणसे राहत असतील आणि पावसाळ्यात तिच्यात पाणी शिरत असेल, तर स्वस्ताईच्या दिवसांत धान्य भरून ठेवणे शक्य होत नाही.

विकणाऱ्याची स्थितीही याहून फार वेगळी नसते. वस्तीत भाजी विकणारी बाई बहुधा त्याच वस्तीत राहते. सकाळी सावकाराकडून नऊशे रुपये हाती घ्यावयाचे आणि संध्याकाळी हजार परत करावयाचे, अशी रीत अनेक बाजारांत आढळते. हे व्याज शेवटी भाजीच्या भावातच मिसळते आणि शेजारणीच्या पदरातून वसूल होते. गरिबाचा पैसा गरिबाकडूनच गोळा होऊन वस्तीबाहेर जातो तो असा.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. वस्तीतील अन्नाचा प्रश्न केवळ उत्पन्नाचा किंवा धान्याच्या तुटवड्याचा नाही. तो व्यवस्थेचा आहे. ही व्यवस्था न्याय्य आहे की नाही हे ठरविण्यासाठी तीन प्रश्न विचारावे लागतात. अन्न माणसाच्या आवाक्यात आहे काय? ते त्याला अपमान न होता मिळते काय? आणि त्याविषयीच्या निर्णयांत त्याला आवाज आहे काय?

गिरणगावातील खानावळी

मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी स्थापन केली. पुढील काळात कोकण, सातारा व घाटावरील इतर भागांतून हजारो पुरुष गिरण्यांत काम करण्यासाठी आले. घरची मंडळी गावी आणि कमावता पुरुष मुंबईत, दहा-पंधरा जणांच्या एका खोलीत, अशी ही राहणी होती. या माणसांना दोन वेळचे गरम जेवण मिळे ते चाळीतील खानावळवाल्या बायकांकडून. त्यांत अनेक विधवा व टाकलेल्या स्त्रिया होत्या. ज्यांच्या घरातील गिरणीचा पगार बंद झाला होता अशाही होत्या. महिन्याचे पैसे पगाराच्या दिवशी मिळत. तोपर्यंतचे धान्य, तेल, रॉकेल त्या वाण्याकडून उधारीवर आणीत. गिरणगावाची अन्नव्यवस्था या स्त्रियांच्या चुलीवर उभी होती. परंतु कामगार म्हणून त्यांची नोंद कोठेही नव्हती.

१९७३-७४ च्या संपाच्या काळात कामगारांचे पगार थांबले, तरी खानावळी बंद पडल्या नाहीत. दागिने व भांडी गहाण टाकून या बायकांनी खाणावळींना जेवू घातले. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या आणि नंतर मुंबईच्या कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी ही गोष्ट लक्षात घेतली. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झालेले होते आणि दुर्बल घटकांना अल्प व्याजाने कर्ज देण्याचे धोरण कागदावर आलेले होते. परंतु तारण नसलेल्या, अक्षरओळख नसलेल्या बाईला बँकेच्या दारात उभे कोण करणार? पुरव यांनी १९७५ मध्ये १४ खानावळवाल्या स्त्रियांचा गट केला, गटातील स्त्रिया एकमेकींना जामीन राहिल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज मिळाले. अन्नपूर्णा महिला मंडळाचा आरंभ असा झाला. पुढे हजारो स्त्रिया या कार्याशी जोडल्या गेल्या.

या प्रयोगात नवे अन्न निर्माण केले गेले नाही, नवी खानावळही काढली गेली नाही. आधीपासून चालत आलेल्या व्यवस्थेतील सावकाराची कडी तेवढी काढून तेथे बँक बसविली गेली. वस्तीसाठी नवी योजना आखण्यापूर्वी वस्तीत काय चालू आहे ते पाहावे आणि ते कोठे अडले आहे ते शोधावे, हा यातील पहिला धडा होय. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि गिरणगावाची आर्थिक घडी कायमची विस्कटली. खाणाऱ्यांची मिळकत थांबली म्हणजे खानावळीही डळमळतात. वस्तीची अन्नव्यवस्था वस्तीच्या रोजगारापासून वेगळी काढता येत नाही, हा दुसरा धडा तेथेच मिळाला.

पुण्याची कष्टाची भाकर

पुण्यातील हमालांची संघटना, हमाल पंचायत, डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९५५ मध्ये स्थापन झाली. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला पोटभर व ताकदीचे अन्न लागते. हॉटेलातील चहा-भज्यांवर त्याचे भागत नाही आणि हॉटेलातील राईसप्लेट परवडत नाही. हा विचार करून पंचायतीने १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ हा उपक्रम सुरू केला. ना नफा ना तोटा या तत्त्वावर भाकरी, झुणका, भाजी असे जेवण कष्टकऱ्यांना मिळू लागले आणि भाकरी करणाऱ्या स्त्रियांना नियमित काम मिळाले.

हा उपक्रम दीर्घकाळ टिकला याची कारणे पाहण्यासारखी आहेत. जेवणारा हा संघटनेचा सभासद होता. त्यामुळे भाकरी कच्ची निघाली तर तक्रार कोणाकडे करावयाची हे त्याला ठाऊक होते. भाव ठरविणारे, शिजविणारे आणि खाणारे यांच्यात फार अंतर नव्हते. ज्या संघटनेने १९६९ च्या माथाडी कायद्यासाठीच्या लढ्यात भाग घेतला आणि मजुरीचा हक्क मागितला, तिनेच जेवणाची व्यवस्था केली; म्हणून भाकरीला दानाचे रूप आले नाही. जेवणारा पैसे देऊन जेवत होता आणि मान ताठ ठेवून जेवत होता. डॉ. आढाव यांनी १९७२ च्या दुष्काळात ‘एक गाव, एक पाणवठा’ ही चळवळ सुरू केली होती, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. पाणी आणि अन्न यांच्या वाटपात जातीची भिंत आड येते तेथे पुरवठा पुरेसा असूनही न्याय होत नाही.

जहिराबादच्या स्त्रियांची धान्यकोठी

शहराकडून खेड्याकडे वळू. आपल्या सोलापूर व धाराशिव जिल्ह्यांच्या पलीकडे, कर्नाटकातील बिदर ओलांडल्यावर तेलंगणातील जहिराबादचा टापू लागतो. जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा आणि मुख्य पीक ज्वारीचे. सार्वजनिक वितरणव्यवस्थेतून या भागात तांदूळ येई. स्वस्त तांदूळ मिळू लागल्यावर ज्वारी पेरण्याचे प्रयोजन कमी झाले आणि गरिबांच्या हलक्या जमिनी पड राहू लागल्या. शेतमजूर कुटुंबाची मजुरीही त्याबरोबर गेली. म्हणजे ज्या मदतीने पोट भरावयाचे, तिच्यामुळेच स्थानिक शेतीचा एक आधार सुटत होता.

१९८३ पासून या भागात काम करणाऱ्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या महिला संघांनी १९९० च्या दशकात यावर उपाय काढला. या संघांत बहुसंख्येने दलित स्त्रिया होत्या. पड जमीन असलेल्या लहान शेतकऱ्यांना नांगरट, खत व बियाणे यांसाठी उचल देण्यात आली. तिची परतफेड रोखीने नव्हे, तर हप्त्याहप्त्याने ज्वारीच्या रूपात करावयाची होती. जमा झालेली ज्वारी गावातच साठविली गेली. पावसाळ्यातील तंगीच्या महिन्यांत, जेव्हा घरचे धान्य संपलेले आणि नवे पीक शेतात उभे असते, तेव्हा ती गरीब कुटुंबांना कमी भावाने विकली गेली. गरीब कोण, हे तहसील कार्यालयातील यादीवरून ठरले नाही. गावकऱ्यांनी एकत्र बसून प्रत्येक घराची स्थिती विचारात घेतली आणि प्रतवारी लावली. अधिक गरजू घराला अधिक धान्य मिळाले.

या एका व्यवस्थेने चार कामे साधली. पड जमीन वहितीखाली आली, मजुरी निर्माण झाली, जनावरांना कडबा मिळाला आणि खाणाऱ्याला त्याच्या सवयीचे अन्न मिळाले. वाहतुकीचा व दूरच्या गोदामाचा खर्च वाचला तो वेगळाच. मराठवाडा व सोलापूर भागातील ज्या गावांत ज्वारीचे क्षेत्र घटत आहे, तेथील पंचायत सदस्यांनी या प्रयोगाचा अभ्यास करणे उपयुक्त ठरेल.

नगरपालिकेने स्वीकारलेली जबाबदारी

वरील तीनही प्रयोग लोकसंघटनांचे होते. स्थानिक शासन स्वतः काय करू शकते याचे उदाहरण ब्राझील देशातील बेलो ओरिझोंते या शहराने घालून दिले आहे. १९९३ मध्ये पात्रूस आनानियास हे तेथील महापौर असताना, अन्न हा नागरिकाचा हक्क आहे आणि तो पुरविण्यात जेथे बाजार अपुरा पडतो तेथे नगरपालिकेचे कर्तव्य सुरू होते, असे धोरण स्वीकारण्यात आले. त्यासाठी पालिकेत स्वतंत्र विभाग निर्माण झाला. नागरिक, कामगार संघटना, व्यापारी आणि धर्मसंस्था यांचे प्रतिनिधी असलेली सल्लागार समितीही नेमण्यात आली.

या शहराने योजलेले उपाय साधे होते. पालिकेच्या मालकीच्या मोक्याच्या जागा फळे-भाजी विक्रेत्यांना देण्यात आल्या. परंतु काही ठराविक जिनसा पालिकेने ठरविलेल्या भावानेच विकल्या पाहिजेत आणि आठवड्याच्या अखेरीस गाडी घेऊन दूरच्या गरीब वस्त्यांत विक्री केली पाहिजे, अशी अट घातली गेली. आसपासच्या लहान शेतकऱ्यांना शहरात थेट विक्रीसाठी जागा नेमून दिल्या गेल्या. जनतेची भोजनालये उघडली, आणि ती कोणालाही खुली ठेवली. त्यामुळे तेथे जेवणारा गरीब म्हणून ओळखला जाण्याचा प्रश्न उरला नाही. विद्यापीठाच्या साहाय्याने दुकानादुकानांतील जिनसांचे भाव गोळा करून ते नियमितपणे प्रसिद्ध केले गेले. या सर्व कार्यक्रमाचा खर्च शहराच्या अंदाजपत्रकाच्या दोन टक्क्यांच्या आत राहिला असे अभ्यासकांनी नोंदविले आहे. २००९ मध्ये या धोरणाला आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. महापालिकेजवळ पैसा नसतो अशी सबब आपल्याकडे नेहमी ऐकू येते. या शहराने मुख्यतः वापरले ते पैशापेक्षा जागा, परवाना आणि माहिती हे तीन अधिकार. हे अधिकार आपल्या नगरपालिकांजवळही आहेत.

अनुदानाचा मार्ग आणि त्याच्या मर्यादा

महाराष्ट्र शासनाने १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे सुरू केली. अनुदान थांबल्यानंतर ही योजना मागे पडली आणि अनेक केंद्रांच्या जागांवर अन्य व्यवसाय उभे राहिले. २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन योजना सुरू झाली. दोन चपात्या, भाजी, वरण व भात असलेली थाळी दहा रुपयांत ठेवण्यात आली. तिच्यासाठी केंद्रचालकाला शहरी भागात ४० रुपये आणि ग्रामीण भागात २५ रुपये अनुदान ठरले. कोरोनाच्या साथीत थाळीचा दर प्रथम पाच रुपयांवर आणला गेला आणि पुढे काही काळ ती विनामूल्य दिली गेली. ज्या दिवसांत रोजगार थांबला होता, त्या दिवसांत या थाळीने अनेकांना आधार दिला. तमिळनाडूमध्ये २०१३ पासून चेन्नई महापालिकेने महिला बचत गटांतील स्त्रियांच्या हाती ‘अम्मा उणवगम’ ही स्वस्त भोजनालये सोपविली, तोही याच जातीचा उपाय होय.

संकटकाळी अशा योजनांना पर्याय नाही. तथापि केवळ अनुदानावर उभी राहिलेली व्यवस्था अनुदानाबरोबरच कोसळते, आणि अनुदान थकले की प्रथम गचके बसतात ते केंद्र चालविणाऱ्या गरीब स्त्रियांना. म्हणून अनुदान आणि लोकसंघटन यांची सांगड घातली पाहिजे. केंद्र कोणाला द्यावयाचे, ते कोठे उघडावयाचे आणि त्याची तपासणी कोणी करावयाची, या तीन बाबतींत वस्तीला अधिकार दिला तर जागा बळकावण्याचे व खोट्या थाळ्या दाखविण्याचे प्रकार पुष्कळ अंशी रोखता येतील.

एकत्रित खरेदीचाही विचार करावा लागेल. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून कुटुंबांचे संघ करून महिन्याची मागणी एकत्र नोंदविण्याची व घाऊक खरेदीतून सभासदांना माल पोचविण्याची पद्धत रूढ केली. शिस्तीच्या दृष्टीने हा नमुना आदर्श आहे. परंतु महिन्याची मागणी एकदम नोंदविणे पगारदाराला जमते. रोजंदारीवरील कुटुंबाला आठवड्याचा बाजारसुद्धा जड जातो. अशा वस्तीत बचत गटाने आपल्या निधीतून माल आणावा आणि सभासदांना तो आठवड्याच्या हप्त्याने द्यावा, हा बदल केल्यास तीच पद्धत गरिबांनाही लागू पडेल.

कायद्याने दिलेली साधने

राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम २०१३ मध्ये संमत झाला. त्यानुसार देशातील ग्रामीण लोकसंख्येपैकी ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी लोकसंख्येपैकी ५० टक्क्यांपर्यंत व्यक्तींना सवलतीच्या धान्याचा हक्क मिळाला. महाराष्ट्रासाठी हे प्रमाण ग्रामीण भागात ७६.३२ टक्के व शहरी भागात ४५.३४ टक्के ठरले. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य देय आहे. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य करण्यात आले.

या कायद्यातील काही तरतुदींकडे मात्र पुरेसे लक्ष जात नाही. कुटुंबातील अठरा वर्षांवरील ज्येष्ठ स्त्री ही शिधापत्रिकेसाठी कुटुंबप्रमुख मानली जाते. रास्तभाव दुकानाचे परवाने देताना पंचायती, बचत गट व सहकारी संस्था यांना प्राधान्य देण्याचे तत्त्व कायद्यात आहे. दुकानाच्या पातळीपासून राज्यापर्यंत दक्षता समित्या असाव्यात आणि स्थानिक प्राधिकरणाने सामाजिक अंकेक्षण करावे, असेही कायदा सांगतो. देय धान्य न मिळाल्यास अन्नसुरक्षा भत्ता मागता येतो आणि तक्रारीसाठी जिल्हा तक्रार निवारण अधिकारी व राज्य अन्न आयोग यांच्याकडे जाता येते.

अडचणी आहेत त्या अंमलबजावणीत. इष्टांक ठरविताना २०११ च्या जनगणनेचा आधार घेतला गेला; त्यानंतर वाढलेल्या वस्त्यांतील पात्र कुटुंबांना ‘इष्टांक पूर्ण झाला’ असे उत्तर मिळते. विटा-सिमेंट वाहून ज्याच्या बोटांचे ठसे झिजले आहेत त्याला ई-पॉस यंत्र ओळखत नाही. स्थलांतरितांसाठी ‘एक देश, एक शिधापत्रिका’ ही सोय २०१९ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. परंतु ऊसतोडणीच्या तळावरील किंवा बांधकामावरील मजुराला ती माहीत नसेल तर तिचा उपयोग शून्य होय.

विक्रेत्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता अधिनियम महत्त्वाचा आहे. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना नियोजनात सामावून घ्यावे आणि पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांतून निवडलेले असावेत, त्यांतही एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशी त्यात तरतूद आहे. हातगाडी हटविण्याची कारवाई करताना अधिकाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की ती हातगाडी त्या वस्तीची मंडई असते.

कोणी काय करावे?

ग्रामपंचायतीने व प्रभागातील लोकप्रतिनिधींनी शिधापत्रिकाधारकांच्या यादीचे चावडी वाचन वर्षातून किमान दोनदा वस्तीतच घडवून आणावे, केवळ चावडीवर नव्हे. मृत व स्थलांतरित व्यक्तींची नावे कमी होतील तेव्हाच नव्या पात्र नावांना जागा होईल. दक्षता समितीची बैठक दुकानासमोर व मजूर कामावरून परतल्यानंतरच्या वेळी घ्यावी. आठवडी बाजारात उत्पादक शेतकऱ्यांसाठी व वस्तीतील विक्रेत्या स्त्रियांसाठी ओटे राखून ठेवावेत.

शिक्षकांनी वरच्या इयत्तांच्या विद्यार्थ्यांकडून वस्तीची अन्नपाहणी करवून घ्यावी. त्यासाठी सहा प्रश्न पुरेत: वस्तीपासून रास्तभाव दुकान व मंडई किती अंतरावर आहे, दुकान कोणत्या वेळी उघडते, दहा नित्योपयोगी जिनसांचा वस्तीतील व मंडईतील भाव काय, किती घरांना शिधापत्रिका नाही, वस्तीत अन्न विकणारे व शिजविणारे किती जण आहेत, आणि वर्षातील कोणत्या महिन्यांत चूल पेटण्याची चिंता पडते. कोणाही घराचे नाव जाहीर न करता ही पाहणी ग्रामसभेपुढे ठेवावी. शालेय पोषण आहारासाठी शाळेने परसबाग करावी. पालेभाजी, शेवगा, कढीपत्ता यांना फार जागा लागत नाही. पोषण आहार शिजविणारी स्त्री कोणत्या जातीची आहे यावरून पंगतीत कुरबूर झाली, तर ती तेथेच थांबविणे हे शिक्षकाचे कर्तव्य होय.

अधिकाऱ्यांनी अर्ज नाकारताना कारण लेखी द्यावे. ठसा न उमटणाऱ्या वृद्धांची व मजुरांची यादी दुकाननिहाय तयार करून पर्यायी ओळखीची सोय करावी. बँक अधिकाऱ्यांना सोबत घेऊन वस्तीत दिवस नेमावा आणि विक्रेत्यांचे कर्ज-अर्ज तेथेच भरून घ्यावेत. पथविक्रेत्यांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय योजनेत आरंभी दहा हजार रुपयांचे विनातारण कर्ज ठेवले गेले. सावकाराच्या रोजच्या शंभर रुपयांतून सुटण्यास एवढी रक्कमही पुरेशी ठरू शकते.

घ्यावयाची सावधगिरी

लोकसहभागाचा अर्थ फुकट श्रम असा होता कामा नये. धान्यकोठी, सामूहिक स्वयंपाकघर किंवा परसबाग चालविण्याचा भार बहुधा स्त्रियांवरच पडतो. त्यांच्या कामाला मोबदला नसेल तर एक अन्याय दूर करताना दुसरा उभा राहील.

दुसरी गोष्ट आरोग्याची. नाल्याच्या पाण्यावर वाढविलेली पालेभाजी ताजी व स्वस्त असली तरी सुरक्षित असेलच असे नाही. कोठीतील धान्य दमट राहिले तर बुरशी धरते. म्हणून पाण्याची तपासणी, धान्य नीट वाळविणे व हवाबंद साठवण यांची काळजी आरंभापासून घ्यावी.

तिसरी गोष्ट हिशेबाची. समितीवर वस्तीतील वजनदार मंडळीच बसली तर गरिबाचा वाटा पुन्हा मागे पडतो. जमाखर्च दर महिन्याला फळ्यावर लिहावा आणि वाचता न येणाऱ्यांसाठी तो मोठ्याने वाचून दाखवावा.

चौथी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, स्थानिक उपक्रम हे शासनाच्या जबाबदारीला पर्याय नाहीत. जहिराबादची कोठी किंवा पुण्याची भाकर दाखवून कोणी रास्तभाव दुकानातील धान्य कमी करील, तर या प्रयोगांचा अर्थच उलटा होईल. शासनाचा पुरवठा हा पाया आहे. स्थानिक व्यवस्थेने त्यावर शेवटचे अंतर कापावयाचे असते.

समारोप

१९७२ मध्ये मुंबईत महागाईविरुद्ध स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांनी निरनिराळ्या पक्षांतून येऊन त्या लढ्याचे नेतृत्व केले. त्या मोर्चांनी तेल व साखरेच्या भावाचा प्रश्न स्वयंपाकघरातून थेट विधिमंडळापर्यंत नेला. अन्नाचा भाव आणि अन्नाचे वाटप हे राजकारणाचे व कारभाराचे विषय आहेत, हे त्या स्त्रियांनी सर्वांना पटवून दिले.

आता काम आहे ते या जाणिवेला स्थानिक संस्थांच्या रोजच्या कारभारात स्थान देण्याचे. एखाद्या वस्तीची अन्नव्यवस्था सुधारली की नाही याची कसोटी गोदामातील साठ्यावर किंवा वाटलेल्या थाळ्यांच्या संख्येवर लागणार नाही. जिच्या घरी पुरुषाची मिळकत नाही, जिच्याजवळ तारण नाही आणि जिचे बोट यंत्राला ओळखू येत नाही, अशा बाईला महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कोणाकडे हात न पसरता भाकरी मिळते काय, हे पाहावे लागेल. प्रत्येक पंचायत सदस्याने, शिक्षकाने व अधिकाऱ्याने आपल्या कार्यक्षेत्रातील अशा एका घरापासून या कामाचा आरंभ करावा.